काळीवर वसलेली पांढरी

लातूरहून औशामार्गे दक्षिणेकडे निघाले, की लामजन्याच्या पुढे रान काळेभोर आणि सपाट होत जाते. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि तूर, हिवाळ्यात हरभरा आणि ज्वारी. लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवर किल्लारी लागते. तेरणेच्या याच खोऱ्यात, शेजारच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात, सास्तूर आणि होळी ही गावे आहेत.

या भागातली पुष्कळ गावे प्रवाशाला दोनदा दिसतात. एकदा दिसते ते जुने गावठाण. तिथे दगडांचे ढीग, त्यांत उगवलेल्या बाभळी, एखादी उभी राहिलेली भिंत आणि तिच्यातला रिकामा कोनाडा. थोड्या अंतरावर दिसते ते नवे गाव. सरळ आखलेले रुंद रस्ते, ओळीने उभी असलेली घरे आणि घरांपुढे आता चांगले जोमात आलेले लिंब.

आपल्या शेतकरी बोलीत गावठाणाला पांढरी म्हणतात आणि पिकाऊ रानाला काळी. पांढरी राहण्यासाठी, काळी कसण्यासाठी. इथे मात्र शेतजमीन संपादित करून तिच्यावर गावे वसवावी लागली. काळीवरच पांढरी वसली. ती कशी वसली, लोकांनी त्या परक्या घरांना आपले कसे केले, आणि जी गावे जागची हलली नाहीत त्यांनी जुन्या घरांचे काय केले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तसलीच दगड-मातीची, माळवदाची घरे आजही मराठवाड्यात आणि सोलापूरकडे हजारोंनी उभी आहेत. आपल्यापैकी कित्येकांचा संसार त्यांतच चालला आहे.

ती पहाट

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे रात्री उशिरा पाठ टेकली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली आणि काही क्षणांत गावेच्या गावे खाली बसली. सुमारे आठ हजार माणसे गेली.

भूकंपाचे मान ६.२ च्या आसपास होते. मोठे खरे, पण जगात याहून मोठे धक्के सोसून उभी राहिलेली घरे आहेत. मग इथे एवढी माणसे का दगावली? एक कारण असे, की हा भाग त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता, त्यामुळे भूकंपाचा विचार कुणाच्या मनातच नव्हता. (२००२ साली सुधारलेल्या नकाशात हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला.) दुसरे कारण घराच्या बांधणीत होते, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे.

माळवदाचे ओझे

इकडचे जुने घर म्हणजे दगडाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब-तुळयांचे खण, तुळयांवर किलचा, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. हेच माळवद किंवा धाबे. मधोमध उजेडाला आणि धुराला साणे. उन्हाळ्यात आत शिरले की जीव गार व्हावा. वाळवण माळवदावर, रात्रीची झोप माळवदावर, पोरांचा खेळ माळवदावर. बांधणाऱ्यांनी हवापाणी ओळखूनच ही घरे बांधली होती.

पण माळवद गळते. म्हणून दरसाल मिरगाच्या आधी त्यावर नव्या मातीच्या चार पाट्या टाकायच्या, चोपायच्या, लिंपायच्या, असा रिवाज. घरची लेक-सून हे काम प्रेमाने करी. आज्याने टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. जुनी माती कुणी काढली नाही. दोन-तीन पिढ्यांत वीतभराचा थर दोन फुटांवर गेला.

आता हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढ्याच छपरावर दोन फूट माती असेल तर ती २०० घनफूट भरते. वजन सुमारे नऊ टन. गाडीत एक टन माल धरला, तर बैलगाडीच्या नऊ भरलेल्या गाड्या झोपणाऱ्याच्या डोक्यावर उभ्या आहेत म्हणायचे! घराची निगा राखता राखताच हे ओझे वाढत गेले, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

दुसरा दोष भिंतीत. बाहेरून भिंत जाडजूड दिसते, पण ती खरे तर दोन भिंती असते. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे भरड दगड आणि चिखल. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नसला, तर धक्क्यासरशी दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती ढासळते. त्या पहाटे असेही दिसले, की काही ठिकाणी भिंती पडल्या, पण लाकडी खणाचा सांगाडा उभा राहिला. त्या सांगाड्याखाली माणसे वाचली.

भूकंपानंतर लोकांनी दगडाचीच धास्ती घेतली. दगडाच्या घरात झोपायला माणूस तयार होईना. दगड बिचारा वाईट नव्हता. त्याला बांधून ठेवणारे काही नव्हते आणि त्याच्या डोक्यावर बोजा फार होता.

नवे गाव, नवे घर

बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी हलवायची ठरली. आधी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागले. मग काही गावे शासनाने, काही देणगीदार संस्थांनी बांधून दिली. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फूट.

घरे मजबूत होती. पण वाड्यात वाढलेल्या माणसाला ती परकी वाटली. वाड्याला ढाळज होती, आल्यागेल्याला बसायला ओसरी होती, मधे चौक होता, जनावरांना दावण होती. नव्या घरात दार उघडले की थेट रस्ता. भिंतीला कोनाडा नाही, मग दिवा कुठे ठेवायचा? खुंटी नाही, मग कासरा कुठे अडकवायचा? जुन्या गावात आळीतून हाक मारली की पलीकडची ओ देई. नव्या गावात रस्ते एवढे रुंद, की शेजारीण लांब गेली. काही घरांचे शेतही लांब पडले. स्लॅबचे घर उन्हाळ्यात तापू लागले.

मग गावाने आपल्या हाताने घराला घरपण आणायला सुरुवात केली. आज नव्या गावांतून फिरताना ही कारागिरी घरोघर दिसते. पहिल्यांदा झाला तो दारापुढचा ओटा. मग ओट्यावर पत्र्याची किंवा छपराची पडवी. मग मागच्या अंगाला चुलीचे छप्पर, कारण भाकरी गॅसवर जमली तरी हुरडा आणि पुरणाचा स्वयंपाक चुलीवरच बरा. मग जनावरांचा गोठा, मग आवाराची भिंत, मग तुळशीवृंदावन. मुले मोठी झाली तशा खोल्या वाढल्या. सरकारी आखणीतले एकसारखे घर आता कुठे ओळखूसुद्धा येत नाही.

एका घरात आम्ही थोडा वेळ थांबलो. दर्शनी भिंत साधी सिमेंटची, पण तिला बसवलेली चौकट सागवानी, कोरीव, वरच्या पट्टीवर गणपती. चौकट जुन्या वाड्याची. ढिगाऱ्यातून काढून, धुऊन-पुसून, तेल पाजून इथे आणून बसवलेली. दार जरा आखूड पडले म्हणून उंबऱ्याखाली दोन विटांचा थर दिला होता. अंगणात जाते आणि उखळ मांडून ठेवले होते. दळण गिरणीत जाते, पण हळदीच्या दिवशी जाते लागतेच. ओट्याच्या कडेला जुन्या घराचे घडीव दगड लावले होते. आत भिंतीला फळ्या ठोकून त्यांवर पितळी भांड्यांची उतरंड लावली होती, आणि देवळीची हौस लाकडी पेटीवर भागवली होती. घरची म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ज्या घरात तिच्या माणसांनी जीव सोडला, त्याच घराच्या चौकटीतून तिची नातवंडे आत-बाहेर पळत होती. ती चौकट पुन्हा लावू नये असे म्हणणारेही घरात होते, असे कळले. म्हातारीनेच ती लावून घेतली.

वेळ अमावस्येला, म्हणजे इकडच्या येळवशीला, ही नवी गावे पुन्हा ओस पडतात. पण ते सणापुरते. सगळी मंडळी आंबिलाचे मडके आणि भज्जी घेऊन रानात जातात आणि दिवेलागणीला घरी परततात. परतायला घर आहे असे वाटणे, हीच स्थिरावल्याची खूण.

न हललेली गावे

भूकंपाचा तडाखा कमी बसलेली गावे याहून कितीतरी जास्त होती. तिथे जुनी घरे पाडायची नव्हती, दुरुस्त करून बळकट करायची होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमात हे काम हजारो गावांत झाले. घरधन्याने पैसा हप्त्याने घ्यायचा आणि काम आपल्या देखरेखीखाली करून घ्यायचे, अशी रीत होती. यात बायकांचा वाटा मोठा. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहाय्यक' नेमल्या गेल्या. घरात दिवसभर वावरते ती बाई. भिंत कुठे ओली होते, तुळई कुठे कुरकुरते, हे तिलाच ठाऊक. तिने विचारायचे आणि गवंड्याने सांगायचे, असे प्रथमच घडले.

दुरुस्तीची तत्त्वे सोपी होती. पहिले, छपराचे ओझे उतरवायचे. माती काढून खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि वर आठ इंचांपेक्षा जास्त माती ठेवायची नाही. मघाच्या हिशेबाने नऊ गाड्यांच्या तीन गाड्या झाल्या, आणि गळतीही थांबली. दुसरे, भिंतीचे दोन थर जोडायचे. तीन-चार फुटांच्या अंतराने एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. तिसरे, घराला कंबरपट्टा बांधायचा. दारा-खिडक्यांच्या वरच्या अंगाला घरभर फिरती लोखंडी जाळी भिंतीला ठोकून तिच्यावर सिमेंटचा गिलावा द्यायचा, म्हणजे चारी भिंती एका मुठीत राहतात. चौथे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार ठोकायचे.

आपल्या घराला हात लावण्यापूर्वी

या गावांकडून आपण काय घ्यावे? आपले घर जुन्या पद्धतीचे असेल तर येत्या उन्हाळ्यात एवढे पाहावे.

माळवदावर चढून साण्याच्या कडेला माती किती आहे ते मोजावे. थर वीतभराहून जास्त असेल तर काढावा. मात्र खालून टेकू देऊन, सगळीकडून सारखा आणि थोडा थोडा. निघालेली पांढरी माती वाया जात नाही, रानात पसरता येते. यापुढे पावसाळ्याआधी नवी माती टाकायची असेल, तर तेवढीच जुनी आधी खरवडून काढावी.

भिंतीला ओळंबा लावून पोट आले आहे का ते बघावे. पोट आलेली भिंत रंगवून लपवू नये. तेवढा भाग उतरवून, आरपार दगड घालून पुन्हा बांधावा. कोपऱ्यात उभी चीर असेल तर ती नुसती बुजवून भागत नाही. कोपरा जाळीने सांधला पाहिजे. ही कामे माहीतगार गवंड्याच्या किंवा अभियंत्याच्या नजरेखालीच करावीत.

उजेडासाठी नवी खिडकी पाडायची तर कोपऱ्यापासून किमान दोन फूट सोडून पाडावी. मातीतल्या दगडी भिंतीला सबंध सिमेंट चोपडू नये. आत ओल कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याच्या दर्जा भरणे आणि चुन्याची सफेदी बरी. पागोळ्यांचे पाणी पायथ्याशी मुरू देऊ नये, भोवती फरशी घालून उतार काढावा.

घर स्लॅबचे असेल तर गारव्यासाठी त्यावर माती टाकू नये. वर चुन्याची पांढरी सफेदी द्यावी आणि पश्चिमेला झाड लावावे. काळ्या जमिनीत खोली वाढवताना पाया मुरमाला लागेपर्यंत खोल न्यावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंत स्वस्थ राहत नाही.

आणि हौस जरूर करावी. जुनी चौकट, जुने जाते, कोनाड्यातला दिवा यांनी घराला ओळख येते. फक्त अवजड वस्तू माळ्यावर किंवा डोक्याशी ठेवू नयेत, आणि निजण्याची जागा पोट आलेल्या भिंतीपासून दूर असावी.

किल्लारीत भूकंपात गेलेल्यांचे स्मारक आहे. दरसाल ३० सप्टेंबरला तिथे त्यांना आदरांजली वाहिली जाते. त्या भागातल्या न हललेल्या गावांत मात्र एक गोष्ट काळजीची आहे. ज्यांनी ती पहाट पाहिली ती पिढी आता पिकली आहे, आणि माळवदाची निगा हळूहळू नव्या हातांत जात आहे. गळती लागली की पाटीभर माती टाकावी, हा हात लगेच पुढे होतो. जुनी माती काढणारा हात मात्र कुणी शिकवल्याशिवाय पुढे होत नाही. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी येत्या मिरगाच्या आधी लेका-सुनेला माळवदावर घेऊन जावे, थर मोजून दाखवावा, आणि नव्या पाटीच्या आधी जुनी पाटी खाली उतरवायची असते, हे त्यांच्या हातून करून घ्यावे.