उसना श्वास

मण्यार चावलेला माणूस आमच्याकडे बहुधा पहाटे येतो. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला असतो. या सापाचे दात इतके बारीक की चावल्याचं कळत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पोटात कळ आली म्हणून तो उठतो, घरचे ओवा देतात, सोडा देतात. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, आवंढा गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो. झोप झाली नसेल, असं घरच्यांना वाटतं. आमच्या दारात पोचेपर्यंत श्वास तोकडा पडत आलेला असतो.

जिल्ह्याच्या गावातल्या आयसीयूत सगळ्या प्रकारचे रुग्ण येतात. कीटकनाशक प्यायलेले, डेंग्यूचे, जंतुसंसर्ग रक्तात पसरलेले, हृदय थकलेले. पण आयसीयूची विद्या नेमकी काय आहे, हे मला मण्यारदंशाच्या रुग्णांनी शिकवलं. या माणसाची फुप्फुसं धडधाकट असतात, हृदय, मेंदू, मूत्रपिंडं सगळं शाबूत असतं. विष बसतं ते मज्जातंतूच्या टोकाशी, जिथे निरोप स्नायूच्या हवाली होतो तिथे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते. घोड्यांना विषाच्या छोट्या मात्रा टोचून ती तयार करतात, मुंबईच्या हाफकिनमध्येही ती बनते. रक्तात फिरणारं विष ती पकडते, म्हणून लवकर द्यायलाच हवी. पण मज्जातंतूच्या टोकाला झालेली इजा ती भरून काढत नाही. ती टोकं शरीरालाच पुन्हा घडवावी लागतात, आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घ्यायचा. उपचार म्हणतात तो बहुतांशी एवढाच.

आयसीयूचा जन्मच अशा उसन्या श्वासातून झाला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचे स्नायू किंवा गिळण्याची ताकद गेलेले ३१ रुग्ण आले, त्यातले २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं, की गळ्याला छिद्र पाडून नळी घाला आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो रोज हेच करत होता. पण एवढ्या रुग्णांना रात्रंदिवस हवा देणार कोण? वैद्यकीय विद्यार्थी पुढे आले, सुमारे दीड हजार. पाळ्या लावून, खाटेशेजारी बसून, ते पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्या वर्षी इब्सेनने त्याच शहरात अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. जगातलं पहिलं आयसीयू म्हणून त्याचंच नाव घेतात. आमच्या हातातली, दाबून हवा देण्याची अँब्यू बॅगही डेन्मार्कचीच, १९५६ पासूनची.

ते विद्यार्थी मला अजून दिसतात, आमच्या तालुक्यांच्या रस्त्यांवर. ग्रामीण रुग्णालयात नळी पडते, लशीच्या कुप्या लागतात, आणि घाटरस्त्याने रुग्ण आमच्याकडे निघतो. रुग्णवाहिकेत मागे सिस्टर एकटी. तिचे हात भरून आले की रुग्णाचा भाऊ, चुलता, कधी नुसता सोबत आलेला शेजारी बॅग हातात घेतो. त्याला नळीतलं काही कळत नसतं. सिस्टर म्हणते, 'मी बोट वर केलं की दाबायची, भाऊ.' तासभर तो तिच्या बोटाकडे बघत दाबत राहतो. आमच्या मशीनला जोडलेला जवळजवळ प्रत्येक मण्यारदंशाचा रुग्ण आधी अशा कुणाच्या तरी हातांनी जगवलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद होत नाही, हे मला खटकतं.

विष पूर्ण चढलं की रुग्ण मेल्यासारखा दिसतो. हात उचलून सोडला की पडतो. डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्याही हलत नाहीत. मेंदूच्या तपासणीत ज्या प्रतिक्रिया बघायच्या, त्यातली एकही मिळत नाही. नवखा डॉक्टर घाबरून 'मेंदू गेला' म्हणायला निघतो. आणि आत तो माणूस पूर्ण जागा असू शकतो. ऐकत असतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे की या खाटेजवळ रुग्णाच्या जगण्यामरण्याची चर्चा करायची नाही. प्रत्येक पाळीची सिस्टर आधी नाव घेऊन सांगते, की आज अमुक वार आहे, सकाळ झाली आहे, तुम्हाला साप चावला आहे, ताकद परत येणार आहे, आता मी सक्शन करणार आहे, त्रास होईल. हलता न येणाऱ्या माणसाला भीतीही दाखवता येत नाही. नाडी वाढते, डोळ्याच्या कडेतून पाणी येतं, एवढाच त्याचा आवाज. त्यावरून झोपेचं औषध किती द्यायचं ते ठरतं. नुसतं झोपवून ठेवणं सोपं असतं, पण मग ताकद कधी परतायला लागली ते कळत नाही. कधी पायाचा अंगठा तेवढा शाबूत राहतो. मग 'हो' म्हणजे एकदा, 'नाही' म्हणजे दोनदा, असं बोलणं सुरू होतं. अशा एका अंगठ्यावर सगळा स्टाफ जीव लावून बसतो.

या दिवसांत आमचं मुख्य काम म्हणजे त्याला आमच्यापासून वाचवणं. श्वासनलिकेतला फुगा फार फुगला तर आतली त्वचा सडते, सैल राहिला तर लाळ फुप्फुसात उतरते. उशाकडची बाजू तीस अंशांवर उचललेली हवी. तोंड दिवसातून अनेकदा धुवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, पापण्या नीट मिटत नाहीत म्हणून डोळ्यांत मलम. आणि हवा किती द्यायची? जास्त हवा म्हणजे जास्त जीव, असा समज पूर्वी डॉक्टरांचाही होता. फुप्फुसं सुजून निकामी होत चाललेल्या ८६१ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २००० साली आला. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा देण्याऐवजी ६ दिली, तर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. हात आखडता घेतला, एवढंच. तेव्हापासून मी आयसीयूचा दर्जा यंत्रांच्या संख्येवर मोजत नाही. रात्री तीन वाजता एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, ते विचारतो.

पलीकडच्या खाटेवर तेच मशीन लावलेले ऐंशीच्या घरातले आजोबा असतात. कर्करोग यकृतात पसरलेला, मूत्रपिंडं थांबलेली. वेळ त्यांनाही मिळवून देता येतो. पण त्या वेळात शरीर काय घडवणार आहे? मण्यारवाल्याच्या बाबतीत याचं उत्तर मला ठाऊक असतं, म्हणून पैसे संपत आलेल्या बापाला मी हात धरून सांगतो की काका, थांबू नका, पोरगा चालत घरी जाईल. आजोबांच्या मुलाला तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवं, की यातून ते परतणार नाहीत, आता त्यांना दुखू न देणं हाच उपचार. अशा वेळी जीव लांबवणारे उपचार थांबवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत बरीच सोपी केली. तरी हे बोलणं टाळून आणखी एक नळी घालणं चालूच असतं. ते मला क्रूर वाटतं.

आणि घरी गेलेला रुग्ण बरा झाला असं लगेच म्हणता येत नाही. आयसीयूत दाखल झालेल्या ८२१ जणांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. वाचलेल्यांपैकी ज्यांची वर्षानंतर तपासणी झाली, त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांची बुद्धी सौम्य स्मृतिभ्रंशासारखी मंदावलेली होती. ज्यांचा आयसीयूतला भ्रम जास्त दिवस टिकला, त्यांचं नुकसान जास्त. म्हणून चष्मा, कानातलं यंत्र, भिंतीवरचं घड्याळ, रात्री दिवे कमी करणं, बायकोला दहा मिनिटं आत बसू देणं, या गोष्टी मी औषधांच्याच कागदावर लिहितो. मण्यारवाले बहुतेक धडपणे परततात, पण जमिनीवर झोपायला धजत नाहीत. त्यांच्यासाठी खाट आणि मच्छरदाणी हे प्रिस्क्रिप्शन आहे.

भारतात सापाच्या विषाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातली कितीतरी घरी किंवा वाटेतच जातात, म्हणजे आमच्या विद्येचा प्रश्नच येत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची साधी गोळी वापरून दाखवली आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. ती गोळी खेड्यातल्या दवाखान्यात मिळू लागली, तशी कोकणातली विंचवाची मरणं ओसरली. मण्यारीवर अशी गोळी नाही, पण वाटेतला श्वास आहे. म्हणून दर मे महिन्यात आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर, आशाताई आणि १०८ रुग्णवाहिकांचे ड्रायव्हर यांना बोलावतो. पहाटे पोटात कळ आणि पापण्या जड, म्हणजे साप दिसला नसला तरी मण्यारच समजायचं. पुतळ्यावर मास्क धरायला, हनुवटी उचलायला शिकवतो. बॅगेकडे बघू नका, छाती उचलली जाते का ते बघा, हे वारंवार सांगावं लागतं. मग सोबतच्या नातेवाइकाला दोन मिनिटांत हेच कसं शिकवायचं, त्याची तालीम होते. निघण्याआधी आयसीयूचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालून घेतो. गाडी सुटल्याबरोबर फोन आला, तर व्हेंटिलेटर जोडून, खाट मोकळी करून आम्ही दारात थांबतो.