वचक

साताऱ्याच्या आमच्या घरामागे पेरूचं झाड होतं. त्याच्या बुंध्याभोवती जमिनीवर एक गोल होता, आठ फुटी साखळीने आखलेला. पावसाळ्यात भोवती गुडघाभर गवत माजायचं, गोलात काडी उगवत नसे. टायगर दिवसभर त्या गोलाच्या कडेने फिरायचा. रात्री फाटक लावून त्याला सोडायचं असं आधी ठरलं होतं, पण सकाळी परत बांधायला कुणी धजेना, म्हणून तेही बंद पडलं. त्याला कुठे फिरायला न्यावं हे तर कुणाच्या मनातही आलं नाही. तो राखणीचा कुत्रा होता. बांधून ठेवला की कुत्रा तापट राहतो असं सगळे म्हणायचे, आणि आम्हाला तापट कुत्राच हवा होता.

१९८७ साल होतं आणि मी बारा वर्षांचा होतो. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांवर तुरळक घरं, मधे मोकळी रानं, आणि दोन महिन्यांत तीन चोऱ्या झालेल्या. वडिलांनी पुण्याहून अल्सेशियनचं पिल्लू आणलं. पहिल्या रात्री ते फार रडलं. मी त्याला माझ्या अंथरुणात घेतलं, तर वडिलांनी उचलून बाहेर नेलं. लाडावला तर राखण करणार नाही, म्हणाले. मी मोती नाव सुचवलं होतं. मोतीला कोण भिणार, म्हणून टायगर.

‘वचक’ हा वडिलांचा आवडता शब्द. शाळेत मास्तरांचा वचक, कचेरीत साहेबाचा वचक, घरात बापाचा वचक. तो असला की सगळं सुरळीत चालतं अशी त्यांची श्रद्धा होती आणि त्यांच्या पिढीत ती त्यांच्या एकट्याची नव्हती. त्यांनी आमच्यावर हात क्वचितच उचलला. त्यांचं पाऊल वाजलं की आम्ही गप्प व्हायचो, तेवढं पुरे होतं. घरालाही असाच एक वचक हवा, या हिशेबाने टायगर आला होता.

त्यात माझाही वाटा होता. दुपारी रस्त्याने शाळेतली मुलं जायला लागली की मी पेरूखाली उभा राहून ‘छू’ म्हणायचो. टायगर साखळीच्या टोकापर्यंत झेपावायचा, गळ्याला हिसका बसून मागे पडायचा, पुन्हा झेपावायचा. मुलं पळत सुटायची. वर्गात मी किरकोळ अंगाचा, मागच्या बाकावरचा मुलगा होतो. त्या दोन मिनिटांत मला कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. त्या हिशेबात कुत्र्याच्या मानेला किती हिसके बसले, ते मी मोजले नाहीत.

वर्षाचा झाल्यावर टायगर दूधवाल्यावर गुरगुरायला लागला. मग भाकरीच्या थाळीजवळ हात नेला तर वडिलांवरही. म्हणून एक माणूस दर रविवारी सायकलवरून येऊ लागला. पिशवीत आतून बोथट खिळे असलेला पट्टा आणि पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा हातभर तुकडा. तो दूधवाल्याला मुद्दाम फाटकातून आत-बाहेर करायला लावायचा. टायगर गुरगुरला की मानेला हिसका. तरी थांबला नाही की पट्टा. ‘आवाज निघता कामा नये,’ तो सांगायचा. ‘कळपाचा म्होरक्या कोण, हे एकदा याच्या डोक्यात बसलं पाहिजे.’ मी पायरीवर बसून बघायचो. कान मागे चिकटलेले, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलेलं, जीभ पुन्हा पुन्हा नाकावरून फिरायची, आणि मधेच मोठी जांभई. मला वाटलं, दमला असेल. पाचव्या रविवारी आवाज थांबला. वडिलांनी त्या माणसाला शर्टाचं कापड दिलं.

पुढच्या महिन्यात शेजारची सात वर्षांची मुलगी पेरू वेचायला आली. रोज येणारी, त्याच्या ओळखीची. पेरू गोलाच्या आत पडला होता. ती वाकली आणि टायगरने तिचा दंड धरला. गुरगुर नाही, भुंकणं नाही. सुटली तेव्हा दंडाचं मांस लोंबत होतं.

तेव्हा सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आई रोज तिला घेऊन जायची. परत येताना मुलगी चालायची नाही, आई तिला कडेवर घेऊन यायची. गल्लीत सगळे एकच वाक्य बोलत होते: गुरगुरलासुद्धा नाही हो, एकदम धरलं. वडीलही तेच म्हणत होते. गुरगुरू नये म्हणून आम्ही पाच रविवारांचे पैसे मोजले होते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही ते फार उशिरा आलं.

टायगरला पंधरा दिवसांनी एका कोंबड्यांच्या शेडचा मालक जीपमधून घेऊन गेला. चावलेला आहे हे वडिलांनी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याला तसलाच हवा होता.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं बोलणं. तेही सुरुवातीचं नव्हे, बरंच उशिराचं. आधी तो अंग आखडतो, मान वळवतो, ओठ चाटतो, डोळ्याच्या कडेने बघतो. हे सगळं कुणी वाचलं नाही तर दात विचकतो, गुरगुरतो. चावा अगदी शेवटी. मारून मारून आम्ही मधल्या पायऱ्या काढून टाकल्या. खालची भीती जागच्या जागी राहिली. उलट वाढली, कारण दूधवाला फाटकात आला की मान दुखते, एवढंच त्या पाच रविवारांत टायगर शिकला. दूधवाला बरा माणूस आहे हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या जांभया दमल्याच्या नव्हत्या, हेही आता कळतं. घाबरलेला कुत्रा तशा जांभया देतो.

म्होरक्याची ती गोष्ट कुठून आली, हे पुढे वाचनात आलं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली एक निबंध लिहिला. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले ते लांडगे सतत वरचढपणासाठी झगडत. डेव्हिड मेच या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० सालच्या पुस्तकाने ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना जगभर नेली, आणि ती लांडग्यावरून कुत्र्यावर आली. मग मेच कॅनडाच्या उत्तरेला, एल्समिअर बेटावर, उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांबरोबर राहिला. तिथे त्याला म्होरक्या दिसला नाही. दिसलं ते कुटुंब: आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. १९९९ साली त्याने तसं स्पष्ट लिहिलं, आणि आपलं जुनं पुस्तक आता छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. स्वतःच्याच गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध उभं राहणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पण आमच्या पेरूखाली वचक शिकवला जात होता तो कोंडलेल्या लांडग्यांवरून, आणि आजही जागोजागी तोच शिकवला जातो आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याच्या वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्या १४० मालकांना, आजवर काय काय करून पाहिलंत, असं विचारलं होतं. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. धरून उताणं पाडणाऱ्यांत ३१ टक्के. ही मुळातच बिघडलेली कुत्री होती, त्यामुळे हे आकडे प्रत्येक घराला लागू होणार नाहीत. पण कडक पद्धत नेमकी अशाच कुत्र्यांवर वापरली जाते.

दुसऱ्या बाजूचे लोक मी ऐकले आहेत आणि ते सगळे दुष्ट नाहीत. पन्नास किलोचा कुत्रा रस्त्यात दुसऱ्या कुत्र्यावर झेप घेतो, मालकीणबाई सत्तरीच्या, हातात साधा पट्टा. बिस्किटं दाखवून काय होणार, असं ते विचारतात. काटेरी पट्ट्यामुळे एका कुत्र्याचं मरण टळलं, असं एकाने मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. त्याचं मला खोटं वाटत नाही. पण त्या सत्तरीच्या बाईंच्या हातात पन्नास किलोचा कुत्रा दिला कोणी? विकणाऱ्याने काही विचारलं होतं का? पहिले सहा महिने तो किती माणसं, किती मुलं, किती कुत्री बघत वाढला? या प्रश्नांची वेळ टळून गेली की मग पट्ट्याचा वाद सुरू होतो, आणि तिथे दोन्ही बाजू कुत्र्याबद्दल बोलतात, मालकाबद्दल कुणी बोलत नाही.

कुत्रा कधीच वाईट नसतो, असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. त्या मुलीचा दंड मी पाहिला आहे. काही कुत्री धोक्याची असतात, काही जन्मभर धोक्याची राहतात, आणि त्यांना तोंडाला मुसकं बांधल्याशिवाय दाराबाहेर काढणं हा गुन्हा आहे. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य आपल्याकडे रोज लाखभर फाटकांत उच्चारलं जात असेल. समोर भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या पोराला ते ऐकून काडीचा धीर येत नाही.

१९६० साली केलेल्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात एक कलम आहे, जे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही, तर तो छळ. नेमका आमचा पेरूखालचा गोल. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे लिहून ठेवलेलं होतं, आणि आमच्या गावात ते कुणाच्या कानावरही नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर आणि अशा तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री थांबवण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. लखनौला २०२२ साली पाळलेल्या पिटबुलने घरातल्याच ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला होता. त्यानंतरची ती भीती मला समजते. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी तो आदेश रद्द केला. संबंधितांना विचारलंच नाही, हे मुख्य कारण. मोठ्या जबड्याचा चावा मोठा असतो, तेव्हा जात पाहायची नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या यादीत अल्सेशियन नव्हता. पेरूखालच्या गोलाला कुठल्या यादीत बसवणार?

टायगर गेल्यानंतरच्या दिवाळीत आमच्या मागच्या रानात धनगरांचा वाडा बसला होता. फलटणकडून कोकणात उतरणारी मेंढरं, दोन रात्रींचा मुक्काम. त्यांच्याबरोबर तीन कुत्री, एकालाही साखळी नाही. दिवसा लेकरं त्यांच्या अंगावर लोळत होती, रात्री पाचोळा वाजला तरी ती उठत होती. लांडग्याच्या मुलखातून आलेली कुत्री, मवाळ नव्हती. ही चावत नाहीत का, असं मी तिथल्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, ‘चावत्यात की. पर कुत्रं बोललं की आमी उठून बगतो.’

आता मी पुण्यात राहतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन वर्षांपूर्वी रॉटवायलर घेतला, हौसेनं आणि काहीही न वाचता. तो लिफ्टमध्ये एका मुलावर वसकन गेला, तेव्हा सोसायटीच्या सभेत कुत्रा काढा असा ठराव आला. वहिनी रडल्या. एका सभासदाने शॉक बसणारा पट्टा सुचवला, आठ दिवसांत सरळ होतो म्हणाला. मी सहसा सभेत बोलत नाही. त्या दिवशी पेरूखालचा गोल सांगितला. मुसकं बांधल्याशिवाय कुत्रा बाहेर निघणार नाही आणि लिफ्टमध्ये कुणी असेल तर त्या थांबतील, एवढ्यावर ठराव मागे घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी वहिनी त्याला घेऊन समोरच्या मैदानाच्या कडेला उभ्या असतात. मुलं पलीकडे क्रिकेट खेळत असतात. इतक्या लांब, की त्याला मुलं दिसावीत पण अंग आखडू नये. मूल दिसलं की मुसक्याच्या फटीतून उकडलेल्या चिकनचा तुकडा. आठवड्याला चार पावलं पुढे, कधी सहा मागे. असे सात महिने झाले. हात पट्ट्यावर घट्ट, डोळे कुत्र्याच्या कानांवर.

परवा रात्री मी जिन्याने खाली येत होतो आणि वळणावर दोघं अचानक समोर आली. कुत्र्याच्या नरड्यातून आवाज निघाला, खोल, बारीक. माझे पाय जागच्या जागी थांबले. वहिनींनी पट्ट्याला हिसका दिला नाही. त्याला शांतपणे स्वतःच्या मागे घेतलं आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, ‘दादा, तो नाही म्हणतोय. जरा वर जाता का?’

मी तीन पायऱ्या वर गेलो आणि ते जाईपर्यंत उभा राहिलो.