शस्त्राची मर्यादा

आमच्या धाकट्या बंधूंस कावीळ झाली, तेव्हां ब्रह्मपुरीच्या आमच्या घरांत कोणी फारसें घाबरलें नाहीं. पोटांत दुखत नव्हतें. वैनगंगेपलीकडे आरमोरीच्या बाजूस काविळीची मुळी देणारे जाणते आहेत. त्यांची मुळी, उसाचा रस आणि पथ्य यांत सहा आठवडे गेले. अंगास खाज सुटली, शौचाचा रंग मातकट झाला, तेव्हां कोठें आम्हीं नागपूर गांठलें. तपासणींत कळलें, कीं स्वादुपिंडाच्या शीर्षभागीं कर्करोग असून त्यानें पित्ताची वाट कोंडली आहे, आणि त्याचे कण उदराच्या अस्तरावरहि पसरले आहेत.

आम्ही थोडेंबहुत वाचून गेलों होतों. स्वादुपिंडाचें शीर्ष काढण्याची व्हिपल यांची शस्त्रक्रिया १९३५ सालची. पोटांत ऊन औषध खेळविण्याचा उपाय स्प्रॅट यांनीं १९८० सालीं मांडला. दिसेल तेवढा रोग कापून काढावयाचा आणि मग ४१ ते ४३ अंश उष्णतेचें औषध तास-दीड तास आंत फिरवावयाचें, ही पद्धति शुगरबेकर यांनीं रूढ केली. यकृतावर मोजक्या गांठी असल्यास कांहीं रोग्यांत तेवढा भागहि त्याच वेळीं काढतात. उरलेलें निरोगी यकृत पुन्हां वाढतें. “मग दोन्ही कामें एकदमच कां करूं नयेत?” असें आम्हीं मास्तरी थाटांत विचारलें.

डॉक्टर शांतपणें म्हणाले, “गुरुजी, आम्ही पोटाचे १३ भाग कल्पून प्रत्येकास शून्य ते तीन गुण देतों, एकूण ३९. ही परीक्षा उलटी आहे, कमी गुणांचा पास होतो. पण रोगाचें मूळहि पाहावें लागतें. अपेंडिक्स, मोठें आंतडें, अंडाशय यांच्या रोगांत निवडक माणसांस हा उपाय मानवतो. स्वादुपिंडाचा रोग अस्तरावर गेल्यावर एवढ्या कापाकापीनें लाभ होत नाहीं. सांधा गळला, तर तेथला पाचक रस आंतल्या आंत शरीरासच जाळतो. उरलेले महिने आम्ही दवाखान्यांतच संपवूं.”

सुश्रुतानें आंतड्याच्या छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडण्यास सांगितलें आहे, हें आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं. असाध्य रोग्याचीं लक्षणेंहि त्यानेंच सांगितलीं आहेत. तो भाग मात्र आम्ही नेहमीं गाळीत आलों.

पित्तमार्गांत नळी बसविली. खाज थांबली, झोप आली. रोगाचें नांव बंधूंस कळूं द्यावयाचें नाहीं, असें घरांत ठरलें होतें. त्यांनींच विचारलें, “दादा, डॉक्टर नाहीं म्हणाले ना?” आम्हीं मान हलविली. “मग मला घरीं न्या.” पुढचे चार महिने ते घरींच, नातवंडांत होते.

उतारवयांत दुखण्यावांचून कावीळ आली, तर वाचकांनीं पहिल्याच आठवड्यांत सोनोग्राफी करवावी. ते सहा आठवडे वांचते, तर उत्तर निराळें मिळतें काय, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. पण प्रश्न वेळेवर विचारणें, एवढें तरी आमच्या हातीं होतें.