बुऱ्हाणपूरचे देणे

दिवाळीचे वहीपूजन आटोपले आणि चार दिवसांनी काका म्हणाले, "चल, एक दिवस बुऱ्हाणपूर पाहून येऊ." मला नवल वाटले. काकांचे वय ७८. तीर्थयात्रा आणि लग्नकार्ये सोडली, तर केवळ एखादे गाव पाहण्यासाठी त्यांनी दुकान सोडल्याचे मला आठवत नाही. यंदा मी दुकानाचे सारे हिशेब संगणकावर घेतले होते. आता आपल्याला उसंत मिळाली, असे त्यांना वाटले असावे, अशी मी समजूत करून घेतली. डब्यात दशम्या आणि खाकरे, सोबत उकळलेले पाणी घेऊन आम्ही सकाळच्या गाडीने जळगावहून निघालो. भुसावळ, रावेर आणि पुढे बुऱ्हाणपूर. प्रवास फार मोठा नाही.

आज हे शहर मध्य प्रदेशात असले, तरी आपल्या खानदेशाची ही जुनी राजधानी. फारुकी सुलतानांनी ती वसवली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने येथील तलम पांढरे कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. आमच्या आजोबांच्या दुकानातील लुगडीही येथूनच येत. लहानपणी काका त्यांचे बोट धरून खरेदीला येत असत.

प्रथम आम्ही लालबाग भागातील कुंडी भंडारा पाहिला. जहांगीराच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांनी ही पाणीव्यवस्था उभारली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेतच अडवायचे, भुयारातून ते शहराकडे न्यायचे आणि हवा व उजेड यांसाठी ठराविक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खोदायच्या, अशी ही योजना. उपसण्याची गरज नाही. उतारानेच पाणी वाहते. पाळण्यातून आम्ही खाली उतरलो. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचले होते आणि पायाशी स्वच्छ पाणी वाहत होते. काका बराच वेळ न बोलता पाहत राहिले. वर आल्यावर एवढेच म्हणाले, "चारशे वर्षे झाली. ज्याने केले त्याला आज पाणी पिणारे कोण हे ठाऊक नाही, पिणाऱ्यांना करणारा ठाऊक नाही. पण पाणी पोचते आहे."

तेथून शहरात आलो. जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, हे वाचले होते. फारुकी राजा आदिलशाहाने तो कोरवून घेतला. त्यात संवत १६४६, शके १५११ अशी कालगणना दिली आहे. काका दगडाजवळ चष्मा नेऊन म्हणाले, "ही तर आपल्या चोपडीसारखी मिती घातली आहे!" राजा मुसलमान, इमारत मशिदीची आणि मिती आपल्या वहीतली, याचे त्यांना फार अप्रूप वाटले.

दुपारी शाही किल्ल्याजवळ, तापीच्या काठी डबा उघडला. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहलने याच शहरात प्राण सोडला. पलीकडच्या तीरावर आहुखान्याच्या बागेत तिला प्रथम दफन केले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहालाची ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण त्याच सुमारास दख्खन व गुजरातेत भीषण दुष्काळ पडला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. जैन साधुकवी समयसुंदर यांनी तो डोळ्यांनी पाहून त्यावर काव्य रचले आहे. शाहजहानने येथे अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी ५,००० रुपये वाटण्याची आज्ञा दिली, अशी दरबारी इतिहासात नोंद आहे. हे मी उत्साहाने सांगत होतो.

काका मध्येच म्हणाले, "दुष्काळ मीही पाहिला आहे. १९७२ चा." आणि त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या अक्षरात एक खाते उतरवलेले होते.

ते खाते मी ओळखले आणि माझा घास हातातच राहिला. येथील एका ठोक कापडवाल्याचे १,३४० रुपये देणे. दर दिवाळीला काका ती बाकी नव्या वहीत पुढे ओढत. संगणकावर हिशेब घेताना मी ती कसर-वटाव खात्यात टाकून खाते बंद केले होते. पन्नास वर्षांची मेलेली बाकी, विचारायचे तरी काय, असे मला वाटले होते.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "त्या साली शेतकऱ्यांची उधारी आली नाही, म्हणून आजोबांना पैसे देता आले नाहीत. १९७४ मध्ये मनीऑर्डर केली, ती परत आली. पेढी बंद झाली होती. पुढच्या वर्षी आजोबा गेले. नंतर शोध घेणे माझे काम होते. पुढच्या वर्षी जाऊ, असे म्हणत राहिलो. रक्कम लहान होत गेली आणि लाज मोठी होत गेली. तू खाते बंद केलेस तेव्हा कळले, माझ्यानंतर हे कोणी करणार नाही."

मला उत्तर सुचले नाही.

दुपारनंतर आम्ही कापडाच्या बाजारात विचारत हिंडलो. तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानातील वृद्ध गृहस्थांना ते नाव आठवले. त्यांनी सोबत एक मुलगा दिला. दोन गल्ल्या ओलांडून आम्ही चादरींच्या एका लहान दुकानापाशी पोचलो. गादीवर त्या व्यापाऱ्याचा नातू बसला होता. काकांनी कागद उलगडून हिशेब समजावला: मुद्दल १,३४०, शेकडा दरमहा बारा आणे सरळ व्याजाने पन्नास वर्षांचे ६,०३०, एकूण ७,३७०. तो तरुण गोंधळला. "आमच्याकडे जुन्या वह्या नाहीत. आम्ही कधी मागितलेही नाहीत," तो म्हणाला.

"मागायचे काम तुमचे, द्यायचे काम आमचे," काका म्हणाले. "तुमची वही हरवली, आमची आहे."

अखेर त्याने पैसे घेतले. मुद्दल आजीच्या हातात देईन आणि व्याज उन्हाळ्यात दुकानापुढच्या पाणपोईला लावीन, असे तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडून रीतसर पावती लिहून घेतली. मग त्याने दराबा मागवला. काकांनी दाराबाहेर पाहिले. सूर्यास्ताला अवकाश होता. त्यांनी वाटी हातात घेतली.

परतीच्या गाडीत काका लगेच झोपी गेले. मी मात्र जागा होतो. हिशेब जुळवणे मला येत होते. देणे म्हणजे काय, हे नव्याने शिकावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर प्रथम मी माझी कसर-वटावची नोंद रद्द केली, ते खाते पुन्हा उघडले, व्याजासह रक्कम चुकती दाखवली आणि पावती वहीला टाचली. काकांनी एकदा पाहिले, मान हलवली आणि गिऱ्हाइकाला कापड दाखवू लागले.