रुपे आणि रूपक

शुद्धता आणि चांदी यांची सांगड आपल्या मनात फार जुनी आहे. बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी, देवघरात चांदीचे निरांजन. रुपे म्हणजे शीतल, निष्कलंक, चंद्राचे सगोत्र. युरोपातील किमयागारांनीही या धातूचे नाते चंद्राशीच जोडले होते. साहित्य शिकवणाऱ्याला अशी रूपके हवीहवीशी वाटतात. पण चांदीची जंतुनाशक शक्ती या रूपकात मावत नाही.

निव्वळ धातू बव्हंशी निष्क्रियच असतो. ओलाव्यात त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटतात. ते जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटतात आणि त्यांचे श्वसन बिघडवतात. चांदीच्या विद्राव्य क्षारांतून हे आयन सहज मिळतात. येथे कामी येते ते मोजून दिलेले विष.

लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० मध्ये नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा थेंब घालण्यास सुरुवात केली. आईच्या परम्याचा संसर्ग जन्मतानाच डोळ्यांना होऊन कितीतरी मुले आंधळी होत. क्रेडे यांच्या रुग्णालयात शंभरातील सुमारे दहा बालकांना होणारा हा नेत्रदाह एका टक्क्याच्याही खाली आला. थेंबाने डोळे लाल होत, चुरचुरत. पण दृष्टी वाचे.

भाजलेल्या जखमांसाठी १९६८ मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन पुढे आणले. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेले पांढरे मलम ते हेच. आईच्या हातावर कढईतले तेल उडाले, तेव्हा मी नळीवरचे नाव तिला वाचून दाखवले. "यात चांदी आहे? मग जपून लाव गं, वाया नको घालवूस," ती म्हणाली. नवी त्वचा दिसू लागताच डॉक्टरांनी मलम थांबवले. जिवाणूंना मारणारी चांदी कोवळ्या पेशींनाही जाचते, त्यामुळे जखम भरणे लांबू शकते, असे त्यांनी समजावले. आईला ते पटले नाही. चांदी अपाय करील, हे तिच्या भाषेतच नव्हते.

जाहिरातींनी नेमकी हीच भाषा हेरली आहे. चांदीचे सूक्ष्मकण असलेले मोजे, धुलाईयंत्रे, पाण्याची गाळणयंत्रे... 'चांदी' एवढा शब्द पुरतो. मात्रा कोणी विचारत नाही. वास्तविक सारा प्रश्न मात्रेचाच आहे. चांदीची द्रावणे दीर्घकाळ पिणाऱ्यांची त्वचा कायमची निळसर करडी होऊ शकते. आणि जिवाणूही चांदीला सरावतात: बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील जळित विभागात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याची नोंद १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. मोज्यांचा वास घालवण्यासाठी चांदी उधळत राहिलो, तर भाजलेल्या माणसाच्या खाटेपाशी ती निकामी ठरण्याचा धोका आहे.

आईने 'जपून लाव' म्हटले ते चांदीच्या मोलाकडे पाहून. शास्त्राचे सांगणेही तेच आहे. त्यामागचे कारण मात्र वेगळे आहे.