तोरणमाळची भाकर आणि चार खांदे

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा नवा जिल्हा झाला. त्याच्या उत्तरेला सातपुड्याची रांग उभी आहे. याच रांगेत अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून ११४३ मीटर उंचीवर तोरणमाळ वसले आहे. शहाद्याहून निघाले की म्हसावद, राणीपूर मागे पडते, सपाट रान संपते आणि घाट लागतो. सातपायरीची वळणे चढताना गाडी अक्षरशः बैलगाडीच्या चालीने चालते. वर पोहोचले की यशवंत तलाव, कमळांचे तळे, सीताखाईची खोल दरी आणि गोरखनाथाचे मंदिर. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. हौशी पाहुणे एवढे पाहून, गार हवा खाऊन परत फिरतात.

परंतु तोरणमाळला पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तेथील माणसांचे जगणे. डोंगरातली माणसे साधे खातात, एकोप्याने राहतात आणि म्हणून शंभर वर्षे जगतात, असे शहरात आपण नेहमी ऐकतो. यात खरे किती आणि ऐकीव किती, हे आपण पारखून घेतले पाहिजे.

प्रथम ताट पाहू. या भागात पावरा आणि भिल्ल समाजाची वस्ती आहे. मका आणि ज्वारीची भाकर हे त्यांचे रोजचे अन्न. मोर, बंटी अशी बारीक भरड धान्ये डोंगरउतारावर पिकतात. जोडीला उडीद-तुरीची डाळ, अंबाडीची भाजी आणि पावसाळ्यात रानभाज्या. ओढ्यात मासे-खेकडे मिळतात, सणावाराला कोंबडी होते. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचतात, कैऱ्या कापून वाळवतात आणि त्याची आमचूर बाजारात जाते. भरड धान्यातला कोंडा शाबूत असतो, त्यामुळे पोट साफ राहते आणि रक्तातील साखर एकदम चढत नाही. भाकरीला डाळीची जोड मिळाली की शरीराची झीज भरून निघते. अशा धान्याकडे जगाचे लक्ष वेधावे म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले. सातपुड्याने ती धान्ये पिढ्यान्‌पिढ्या जपली.

आता शेजार पाहू. पावऱ्यांची घरे आपल्या चाळीसारखी एकाला एक लागून नसतात. ज्याच्या त्याच्या शेतात ज्याचे त्याचे घर, कुडाच्या भिंतींचे, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तरी कामाला माणसे एकत्र येतात. निंदणी असो की घर उभारणे असो, पाड्यावरची मंडळी बिनमजुरीने हात लावतात आणि ज्याचे काम तो सर्वांना जेवण घालतो. सातपुड्यात या रिवाजाला ‘लाह’ म्हणतात. आपल्या गावाकडची सावड किंवा इर्जिक ती हीच. होळीपूर्वीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, मग होळीला ढोलावर रात्र जागते. म्हातारा असो की पोर, घरात कोणी मागे राहत नाही.

मग ही माणसे शंभर वर्षे जगतात काय? जुन्या माणसांकडे जन्माचा दाखला नसतो. एखाद्या दुष्काळाच्या किंवा पुराच्या आठवणीवरून वय अंदाजाने सांगितले जाते. अशा वयावर सिद्धांत उभारता येत नाही. जपानसारख्या नोंदी ठेवणाऱ्या देशातही २०१० साली असे आढळले की, कागदावर शंभरी ओलांडलेल्या दोन लाख तीस हजारांहून अधिक लोकांचा ठावठिकाणाच नव्हता. त्यांतले बहुतेक केव्हाच मरण पावलेले होते, नोंद तेवढी राहून गेली होती. ज्यांच्या दीर्घायुष्याचा बोलबाला फार, त्यांचे कागद आधी तपासावेत.

आणि अक्राणीचे दुसरे सत्य तर कठोर आहे. धडगाव-अक्कलकुवा भागातील बालकांचे कुपोषण आणि मातांचा रक्तक्षय यांच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येत आहेत. उत्तम धान्य पिकते, पण ते वर्षभर पुरत नाही. पावसाळी पीक संपले की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. तेथे ना अंबाडीची भाजी, ना लाह, ना आजीची नजर. शिवाय लहान मुलाचे पोट एवढेसे. नुसत्या भाकरीने ते भरते, पण वाढ होत नाही. त्याला डाळ, तेल, अंडे आणि दिवसातून चार-पाच वेळा भरवणारा हात लागतो. त्यातच सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या समाजात आढळतो. कोणत्याही भाकरीने तो बरा होत नाही. त्याला तपासणी आणि औषधच पाहिजे.

ज्या पाड्यांना रस्ता नाही, तेथून अडलेल्या बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावर आणावे लागते. चार खांदे हाकेसरशी धावून येतात, ही तेथील माणुसकी. पण झोळी दवाखान्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही, ही तेथील उपेक्षा. माणुसकीचे गोडवे गाऊन उपेक्षेवर पांघरूण घालता येणार नाही.

तरीही माणसांच्या सोबतीचे मोल कमी होत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात रोझेटो नावाचे गाव आहे. इटलीहून आलेल्या, दगडाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांनी ते वसवले. ते चरबीत तळलेले खात, तंबाखू ओढत. तरी शेजारच्या गावांपेक्षा तेथे हृदयविकाराने मरणारे कमी होते. तीन पिढ्या एका घरात आणि सारे गाव एकमेकांचे, हेच त्याचे कारण असावे, असे अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी मांडले. पुढे घरे वेगळी झाली, जो तो आपल्यापुरता झाला आणि तेथील मृत्यूचे प्रमाणही शेजाऱ्यांइतकेच झाले. २०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यातही आप्तमित्रांचा भक्कम आधार असणाऱ्यांची जगण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली.

आहाराचा धडा जपानच्या ओकिनावा बेटाने दिला. रताळी, भाज्या, सोयाबीन खाणारे आणि ‘मोआई’ नावाच्या मित्रमंडळात एकमेकांना सांभाळणारे हे लोक दीर्घायुषी म्हणून नावाजले गेले. महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी तळांबरोबर तयार, तेलकट, मांसाहारी खाणे आले. २००० सालच्या आकडेवारीत जपानच्या ४७ प्रांतांमध्ये ओकिनावाच्या पुरुषांचे आयुर्मान २६ व्या क्रमांकावर घसरले. एकदा मिळवलेले आरोग्य एका-दोन पिढ्यांत गमावता येते, ते असे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांना दवाखाना जवळ आहे, रस्ता आहे. पण ताटातून ज्वारी-बाजरी गेली, कामावरच्या डब्याची जागा वडापावने घेतली, मुलांच्या हाती कुरकुऱ्यांची पुडी आली. मधुमेह आणि रक्तदाब घरोघर झाले. चाळ सुटून बंद दाराचे घर मिळाले, तर शेजारची आजी दोन दिवस दिसली नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून चार गोष्टी कराव्यात. आठवड्यातून निदान तीन दिवस भाकरी आणि रोज डाळ-पालेभाजी ठेवावी. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले बाईने खायचे, ही रीत मोडावी. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एकदा चौरस, गरम जेवण दिले जाते. अशी योजना काढावी लागते, कारण घरात आईचा घास शेवटचा असतो. तिसरे, विहारात किंवा महिला मंडळात जमल्यावर कोण आले नाही, याची चौकशी करून त्याच दिवशी त्याच्या घरी जावे. चौथे, साखर आणि रक्तदाब वेळच्या वेळी तपासावा.

पोटभर चौरस अन्न, मायेची माणसे आणि वेळेवर दवाखाना, या तिन्हींची आयुष्याला गरज असते. तोरणमाळच्या माणसांनी आपल्या बळावर माणसे राखली. पोटभर अन्न आणि रस्ता हा त्यांचा हक्क आहे, तो त्यांना मिळालाच पाहिजे. आपल्याजवळ रस्ता आहे. त्या रस्त्याने शेजाऱ्याला घेऊन निघण्यासाठी चार खांदे आपल्या वस्तीत आहेत ना, एवढे प्रत्येकाने आज मोजून पाहावे.