धारोष्ण नको, थँक यू!

"बटर नको, दही नको, तूप नको, पनीर तर नकोच नको..."

"मग ताई, जेवायला आलायसा कशाला?"

कोल्हापुरातल्या एका हॉटेलातला हा डायलॉग. वेटर चिडला नव्हता हं, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात मटण न खाणारे लोक त्याने पाहिले असतील, पण दही न खाणारे? तेही चार वर्षांच्या पोरीला सोबत घेऊन?

तर मंडळी, आम्ही व्हीगन आहोत. मी, नवरोबा आणि आमची चिंगी. प्राण्यांपासून आलेलं काहीच खायचं नाही, असा आमचा फंडा. मटण-अंडी सोडाच, दूध, दही, तूप, मध, सगळ्यालाच रामराम. हा शब्द तसा जुना. १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्मला. आपल्याकडे २०२२ मध्ये एफएसएसएआयने व्हीगन पदार्थांसाठी नियम केले आणि पाकिटांवर हिरव्या 'व्ही'चा लोगोही आला. पुण्यात आमचं मस्त चाललंय. सोया दूध घरपोच येतं, कॅफेत ओट मिल्कची कॉफी मिळते. ऑफिसातल्या मैत्रिणी "डाएटवर आहेस का गं?" विचारतात आणि मी "तसंच काहीसं" म्हणून सटकते.

खरं टेन्शन सुरू होतं ते हातकणंगल्याला. कारण तिथे माझं सासर आहे. आणि सासरी दोन म्हशी आहेत!

गोठा ते गॅलरी

नवरोबांच्या व्हीगन होण्यामागे कुठलीही इंग्लिश डॉक्युमेंटरी नाही. आहे ते एक रेडकू. तो सात-आठ वर्षांचा असताना घरच्या म्हशीला नर पिल्लू झालं. रेडा पुढे ना दूध देणार, ना ट्रॅक्टरच्या जमान्यात शेतात कामाला येणार. त्याच्या वाटणीचं दूध डेअरीला गेलं आणि रेडकू काही महिन्यांत वाळून वाळून गेलं. नवऱ्याने त्याला नाव ठेवलं होतं. ते नाव तो आजही सांगत नाही.

मी मात्र लग्नानंतर बदलले. आधी त्याच्यासाठी, मग स्वतःसाठी. चिंगी दोन वर्षांची होईपर्यंत माझंच दूध प्यायची, त्यामुळे प्रश्न आला नाही. त्यानंतर आम्ही रीतसर डॉक्टरांकडे गेलो. बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही, म्हणून त्याचे ड्रॉप्स सुरू केले. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकते. कारण प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी विचारतंच, "अगं, पण पोरीला दूध नाही?"

सासूबाई मात्र नाचणीचा हिशेब ऐकून घेत नाहीत. त्यांचा सवाल एकच, "आमच्या दुधात काय इख हाय व्हय?"

त्यांचा राग मला कळतो. घर जैन. कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी दिगंबर जैन. दिवस मावळला की आई जेवत नाहीत, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. तालुक्यातल्या कुंभोजला बाहुबलीची २८ फुटी संगमरवरी मूर्ती आहे, तिथे त्या लहानपणापासून जातात. अशा बाईला पुण्याहून आलेल्या सुनेने अहिंसा समजावायची? "आम्ही मुंगीला बी जपतोय. आमालाच शिकवतीस?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं. परदेशातल्या जैन मंडळींमध्ये दूध सोडण्याबद्दल चर्चा होत असते, असं मी एकदा बोलून बघितलं. "त्यांच्या दारात म्हैस न्हाई, म्हणून," आई म्हणाल्या. विषय संपला.

त्यात जुलै २०२५ मध्ये शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानंतर गुजरातेत 'वनतारा'ला नेण्यात आली. सगळा जिल्हा हळहळला. माणसं रस्त्यावर उतरली. त्यानंतर आम्ही गेलो, तर गल्लीतल्या एका काकांनी दारातच गाठलं, "तुम्ही त्या पेटावाल्यांतले न्हवं ना?" नवरा हसला. पण रात्री त्याला झोप लागली नाही.

तीन नकारांचा शनिवार

असा सगळा माहोल असताना गेल्या हिवाळ्यात मीच आयडिया काढली. वीकेण्डला सगळे मिळून कोल्हापूरला जाऊ! आई, आम्ही दोघं, चिंगी. हातकणंगल्याहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर. चिंगीला रेल्वे हवी होती, म्हणून पॅसेंजर धरली. रुकडी गेलं, पंचगंगेचा पूल आला, वळिवडे आलं. दुसऱ्या महायुद्धात इथे पोलंडच्या हजारो निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८, ही माहिती नवरोबांनी दरवेळेप्रमाणे दिली आणि दरवेळेप्रमाणे कुणी ऐकली नाही. कारण आईंनी पिशवीतून डबा काढला होता. साजूक तुपातले रव्याचे लाडू.

"आई, तूप..." मी पुटपुटले.

डबा परत पिशवीत गेला. नकार नंबर एक.

मिसळीने मात्र दिवस वाचवला. लोकांना वाटतं कोल्हापुरात व्हीगन उपाशी मरेल. चूक! मटकी, फरसाण, लालभडक कट आणि सोबत ब्रेडच्या स्लाइस. वर दही घालू नका सांगितलं आणि ब्रेडमध्ये दूध नाही ना एवढं विचारलं, की झालं काम. शिवाय झुणका-भाकर आहे, खर्डा आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, भडंग आहे, गूळ-काकवी आहे. आपल्या आज्ज्या निम्म्या व्हीगन होत्याच, फक्त त्यांना शब्द माहीत नव्हता. चातुर्मास संपलेला असल्याने आईंनीही चवीने मिसळ खाल्ली. चिंगीने नुसती मटकी आणि केळं. सगळे खूष.

मग न्यू पॅलेसचं म्युझियम. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातल्या वस्तू, तलवारी आणि पेंढा भरलेले कितीतरी प्राणी. चिंगी वाघासमोर उभी राहिली ती हलेचना. "हा का उठत नाही?" मग जरा वेळाने, "ह्याला कुणी मारलं?" नवऱ्याने माझ्याकडे अशा काही अभिमानाने बघितलं की विचारू नका. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आई गप्प होत्या.

तिथून चप्पल लाइन. नातीला कोल्हापुरी घ्यायची, हे आईंनी महिनाभर आधी ठरवलं होतं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, तेव्हा टीव्हीसमोर सगळ्यात जास्त त्याच भडकल्या होत्या. दुकानदाराने तळहाताएवढा जोड काढला. लाल गोंडे, करकर आवाज. इतका गोड जोड मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"आई, चामड्याची आहे ना..." या वेळी नवरा बोलला.

आईंनी चप्पल हळूच काउंटरवर ठेवली. नकार नंबर दोन.

गंगावेशीत

दिवस मावळायच्या आत आईंना काहीतरी खायचं होतं, म्हणून त्या म्हणाल्या, "गंगावेशीत जाऊया. मी दूध पितो. तुम्ही बसा बघत." (कोल्हापुराकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे पुण्यातल्या वाचकांसाठी!)

गंगावेशीचा दूध कट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भर शहरात, रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. समोर धार काढायची आणि फेसाळलेला ग्लास तसाच गिऱ्हाइकाच्या हातात. हेच ते धारोष्ण. कुस्तीची प्रसिद्ध गंगावेश तालीम याच भागात, त्यामुळे दूध म्हणजे इथे नुसतं पेय नाही, अभिमानाचा विषय आहे.

आईंनी ग्लास घेतला. चिंगी म्हशीकडे बघत होती. म्हशीने तिच्याकडे बघितलं. मग चिंगीने ग्लासाकडे बोट दाखवलं.

"मला पण."

साधे दोन शब्द. पण आम्ही तिघंही पुतळे झालो. आईंचा हात ग्लाससकट हवेतच थांबला. चार वर्षं ज्या क्षणाची त्या वाट बघत होत्या, तो समोर आला होता. पाजून मोकळ्या झाल्या असत्या तर मी काय केलं असतं? पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नातीला म्हणाल्या, "आईला इचार."

नवऱ्याने मान हलवली. नाही.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पी."

का? आजही नक्की सांगता येत नाही. लाडवाचा डबा आठवला, काउंटरवर ठेवलेली ती चप्पल आठवली. वाघ पाहून प्रश्न विचारणाऱ्या पोरीचं कौतुक करायचं आणि तिने स्वतःहून काही मागितलं तर तिसऱ्यांदा नकार द्यायचा, हे मला त्या क्षणी जमलं नाही.

तिला आवडलं नसतं तर ही स्टोरी किती सोपी झाली असती ना? पण नाही. चिंगीने निम्मा ग्लास संपवला. पांढऱ्या मिशा घेऊन ती हसली. आई हसल्या. नवरा रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला.

परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

कोरा चहा

रात्री चिंगी झोपली. मी स्वयंपाकघरात आईंसमोर बसले. म्हटलं, आता दोन शब्द ऐकून घ्यायचे. आई पदराने डोळे पुसत होत्या.

"तुझ्या नवऱ्याला इचार," त्या म्हणाल्या, "ल्हानपणी कपभर दूध तरी मिळालंय का त्याला. सकाळचं डेअरीला, सांजचं डेअरीला. दहा दिवसानं बिल आलं की फी, वह्या, वाण्याची उधारी. दिवाळीत दराचा फरक मिळाला की कापडं. पोरगं कोऱ्या चहात भाकरी बुडवून शाळंला जायचं. म्हशी माझ्या, आणि माझ्याच लेकराला दूध न्हाई."

मी गप्प.

"रेडकाचं मला बी ठाऊक हाय. मी काय दगड न्हाई. पण त्या वक्ताला रेडकू बघू का लेकरू? आता पोरगं इंजिनेर झालं, घरात दूध उरतंय... तर प्यायला कोण न्हाई."

दारात नवरा उभा होता. कधी आला कळलंच नाही. तो म्हणाला, "आई, तू तर सांगायचीस मला दूध पचत नाही म्हणून."

"मग काय सांगू?" आई म्हणाल्या.

त्या रात्री मला गांधीजी आठवले. दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडलं, १९१२ साली. पुढे भारतात मोठ्या आजारपणात डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, तुमच्या मनात गाई-म्हशीचं दूध होतं ना, मग शेळीचं चालेल की! गांधीजी शेळीचं दूध प्यायले. पण आपण शब्द पाळला आणि त्यामागची भावना मोडली, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. इतक्या मोठ्या माणसाचं व्रत घरातल्या एका बाईच्या प्रेमापुढे वाकलं. आमचं काय घेऊन बसलात!

म्हणजे आम्ही व्हीगन असणं सोडलं का? अजिबात नाही. रेडकाची गोष्ट आजही तितकीच खरी आहे. पण कोऱ्या चहाची गोष्टही खरी आहे, आणि ती मला इतकी वर्षं माहीतच नव्हती. मी आईंच्या ग्लासात फक्त दूध बघत होते. त्यात त्यांनी पोराचं एक देणं साठवून ठेवलं होतं, ते मला दिसलं नाही.

रविवारी सकाळी खटखट आवाजाने जाग आली. आई रात्रभर भिजवलेले शेंगदाणे पाट्यावर वाटत होत्या. ते पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून त्यांनी पांढरंशुभ्र दूध काढलं. त्यात नाचणीचं पीठ, कोल्हापुरी गूळ, वेलदोडा. वाटी चिंगीसमोर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यात म्हैस न्हाई. चालंल न्हवं?"

नवऱ्याने दोन वाट्या खाल्ल्या. मग उठून गोठ्यात गेला आणि कितीतरी वर्षांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून आला.

पुण्याच्या घरात दूध येत नाही, येणारही नाही. आजीच्या घरी काय करायचं, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, तिला कळेपर्यंत नाहीच. मी म्हणते, मागितलं तर नाही म्हणायला मला जमणार नाही. बी-१२चे ड्रॉप्स मात्र चालू आहेत आणि शेंगदाण्याच्या दुधाची रेसिपी मी ऑफिसात हिट केली आहे.

सोमवारी चिंगीला शाळेत टीचरने विचारलं, वीकेण्डला काय केलं? आमच्या व्हीगन घराण्याच्या या वारसदाराने सगळ्या वर्गासमोर खणखणीत आवाजात सांगितलं,

"मी म्हशीचं दूध प्यालो!"

दूध एकवेळ सुटेल. ते 'प्यालो' कसं सोडवायचं, सांगा!